न परतलेल्या होड्यांची नावं

आमच्या रेडिओ केंद्राचे उद्घोषक बाबल कुडतरकर बोलायला लागले की मॉड्युलेशन मीटरचा काटा सत्तर आणि ऐंशीच्या मध्ये खेळायचा. सागरी हवामानाचं वार्तापत्र वाचताना तर तो फारसा हलायचाही नाही, इतका त्यांचा श्वास एकसारखा असे. वार्तापत्र संपल्यावर मात्र ते आणखी एक ओळ वाचत, आणि त्या ओळीला काटा चाळीसच्या खाली जायचा. ऐकणाऱ्याला आवाज उतरल्याचं फारसं जाणवत नसे. मीटरवर ते दिसत असे.

त्या संध्याकाळीही तो तसाच खाली गेला.

"होडी सातेरी प्रसाद. तांडेल वासुदेव पराडकर. घरची माणसं वाट पाहत आहेत."

माझं ट्रान्समीटरची रीडिंग घेऊन होतं न होतं तोच कुडतरकर मागच्या दाराने ट्रान्समीटर हॉलमध्ये आले. ते सहसा इकडे येत नसत. पंख्यांच्या घरघरीत त्यांचं डोकं दुखायचं.

"शरयूबाय, टेंबेसाहेबांनी बोलावलंय. दोघांनाही एकत्र. उद्घोषक आणि इंजिनियर एकत्र म्हणजे एक तर सत्कार, नाही तर सुतक."

"सत्कार कशाबद्दल?"

"तेच म्हणतो मी."

केंद्रप्रमुख टेंबे भला माणूस होता. वाईट बातमी सांगायची असली की आधी तो पंख्याचा वेग वाढवायचा. आम्ही आत गेलो तेव्हा टेबलावरचे कागद उडत होते.

"महिनाअखेरीला मीडियम वेव्ह बंद," टेंबे म्हणाले. "आपल्या ट्रान्समीटरचे व्हॉल्व्ह आता कुणी बनवत नाही, हे शरयूबाईंनीच तीनदा कळवलंय. एफएम राहील. कार्यक्रम मोठ्या केंद्रावरून येतील, इथून फक्त पुढे जातील. तुम्ही तसेही निवृत्त होताय, कुडतरकर."

"आणि सागरी हवामान?"

"मच्छीमारांना मोबाइलवर संदेश येतात आता."

"वीस वाव खोल पाण्याच्या पलीकडे मोबाइल लागत नाही, साहेब. तिथे आम्हीच लागतो."

टेंब्यांनी हात पसरले. कुडतरकरांनी उडणारा एक कागद हाताने दाबून धरला.

"आणि नाव?"

"एकच आहे ना सध्या?"

"एकच."

"मग ते आपोआपच बंद होईल."

"नाव आपोआप बंद होत नाही, साहेब," कुडतरकर म्हणाले. "ते कुणीतरी येऊन थांबवावं लागतं."

टेंब्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही रीत माझ्या आधीची होती, त्यांच्याही आधीची.

खारेबंदरचं केंद्र सत्तरच्या दशकात उभं राहिलं. टॉवरसाठी मुद्दाम खाजण निवडलं होतं. मीठ मुरलेली ओली जमीन मध्यम लहरींना मानवते. टॉवरच्या पायथ्याशी एक छोटी खोली होती, तिचं दार उघडलं की आधी खेकडे बाहेर पडायचे. पहिल्याच वर्षी वादळ झालं आणि काही होड्या परत आल्या नाहीत. तेव्हाचे उद्घोषक भिसेमास्तर यांनी हवामान वाचून झाल्यावर त्या होड्यांची नावं वाचली. होड्यांवर ट्रान्झिस्टर असायचे. समुद्रात कुणी ऐकत असलं तर त्याला कळावं की किनाऱ्यावर त्याची वाट पाहिली जाते आहे, आणि दुसऱ्या होड्यांनी नजर ठेवावी, एवढाच हेतू. होडी आली की तांडेल, म्हणजे तिच्यावरचा मुख्य माणूस, सुरमई घेऊन केंद्रावर यायचा आणि नाव निघायचं. आली नाही, तर ज्याने नाव घातलं त्या घरच्या माणसाने यायचं आणि माणूस गेल्याचं तोंडाने सांगायचं.

तोंडानेच का, तेही कुडतरकरांनी मला सांगितलं होतं. एकदा एका शेजाऱ्याच्या सांगण्यावरून भिसेमास्तरांनी एक नाव थांबवलं. दोन दिवसांनी ती होडी इंजिन बंद पडलेल्या अवस्थेत दुसऱ्या होडीला बांधून आली. तांडेल धक्क्यावर उतरला तो घरी गेलाच नाही. ओल्या अंगाने थेट स्टुडिओत शिरला आणि म्हणाला, "माका कोणी मारलो?" मास्तरांनी त्याला बसवून चहा पाजला. तेव्हापासून ठरलं, घरच्या माणसाने पुरतं बोलल्याशिवाय नाव काढायचं नाही. कुणी सांगायला आलं की उद्घोषक काही विचारणार नाही, चहा देईल आणि थांबेल. नियमांच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. तपासणीला येणारे अधिकारी तेवढी ओळ ऐकत आणि पुढे जात.

बहुतेक नावं महिन्याभरात निघायची. सातेरी प्रसाद सहा वर्षं वाचली जात होती.

"तुम्ही पराडकरांकडेच राहता," कुडतरकर बाहेर आल्यावर मला म्हणाले. "काकीला तुम्ही सांगा. मला ती बोलू देणार नाही. मी पोर असताना तिने मला धक्क्यावर कानाला धरून फिरवलंय. ती वट अजून आहे."

चंद्रभागाकाकींच्या घरातली रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली होती. घरात त्या आणि त्यांची सून सुवर्णा. वासुदेव त्यांचा एकुलता मुलगा. नाव काकींनी घातलं होतं, म्हणून काढायचं तर त्यांनीच. ते वाचलं जात होतं तोवर होडी बाहेर होती आणि वासुदेव कामाला गेलेला होता. घरात दिवसकार्य झालं नव्हतं. सुवर्णाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि गौरीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं येत असे.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. काकी अंगणात चटईवर बांगडे सुकवत बसल्या होत्या.

"काकी, आमचं मीडियम वेव्ह महिनाअखेरीला बंद होणार."

"बिघाडला?"

"बिघडलं नाही. कायमचं बंद."

त्यांनी एक बांगडा परतला.

"तुजी नोकरी?"

"बदली होईल."

"मगे त्या खोलयेत मी कोणाक ठेवू? तुज्यासारखो न बोलणारो भाडेकरू माका दुसरो मेळाचो नाय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"ता दुसरा आसा मां? एफएम? बाबल्याक सांग, तेच्यार वाच."

मी समजावलं. एफएमचा टॉवर जिथून दिसू शकतो साधारण तिथपर्यंतच ते ऐकू येतं. समुद्रात थोडं आत गेलं की संपतं.

"आणि ह्या?"

"ह्या लहरींचं वेगळं असतं. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. जमिनीवरून जाताना त्या घाटापर्यंत दमतात, पाण्यावरून खूप लांब जातात. अंधार पडला की आकाशातूनही परत खाली येतात, त्याहून लांब."

"खंयपर्यंत?"

"ते नेमकं सांगता येत नाही."

"पण जाता."

"जातात."

त्या बांगड्यांकडे बघत होत्या.

"आणि ऐकणारो कोण नसलो, तरी जाता?"

"हो. ऐकणारा असो नसो, लहर जातेच."

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मला वाटलं, बाईला आशा सोडवत नाही, आणि मी तिला पदार्थविज्ञानाचा आधार देते आहे. ते काही खोटं नव्हतं, त्यामुळे मागेही घेता येईना.

संध्याकाळी रेडिओ लागला. तो ओट्यावरच्या कोनाड्यात असे. सुवर्णा कामावरून आली होती आणि उंबऱ्यात बसून कोलंबी सोलत होती. कुडतरकरांनी वारा सांगितला, लाटांची उंची सांगितली आणि मग ती ओळ वाचली. अशा वेळी माणूस रेडिओकडे बघतो, किंवा समुद्राकडे. काकी दोन्हीकडे बघत नव्हत्या. त्या सुवर्णाकडे बघत होत्या. ओळ संपली, सुवर्णाने पुढची कोलंबी उचलली, तेव्हा त्यांनी नजर काढली आणि रेडिओ बंद केला. हे मी आधीही पाहिलं होतं. दर वेळी असंच व्हायचं. त्याचा अर्थ मी मायेशी जोडून टाकला होता.

सुवर्णा बर्फाच्या फॅक्टरीत पावत्या फाडायची. वैशाखातसुद्धा तिच्या हातात स्वेटर असे आणि गावातली पोरं तिला काश्मीर म्हणत. दोन दिवसांनी मी केंद्रावरून येत होते, तेव्हा ती फॅक्टरीच्या फाटकाशी माझ्यासाठी थांबलेली दिसली. स्वेटर अजून अंगात होता.

"ताई, एक इचारू? तुमचा शिक्षण झालेला आसा म्हणान इचारतंय."

"विचार."

"नाव आपोआप बंद झाला, तर ता धरतले काय?"

"कोण धरतील?"

"सगळे. माझो भाऊस, गावकीतले, भटजी. नाव वाचतत तोपर्यंत होडी बाहेर आसा, असा आमच्यात. कोणी सांगितल्याशिवाय थांबला तर होडी बाहेरच रवली. मगे उद्या आयेन सांगायचा म्हटला तरी सांगतली कोणाक? रेडियोच नाय."

मी यावर विचार केला नव्हता. ट्रान्समीटर, टॉवर, तांब्याच्या तारा, कशाचं काय करायचं याची जुळवाजुळव मी करत होते. ज्याच्यापाशी एक वाक्य बोलायचं ते ठिकाणच जाणार आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तू स्वतः का सांगत नाहीस? तू बायको आहेस त्याची."

"नाव आयेन घातला. आणि..." ती चालायला लागली. "तिचो एकच झिल. तिका वाटता तो येतलो. होडयेवरचे दोन खलाशी त्याच आठवड्यात खाली दक्षिणेक मेलेले किनाऱ्याक लागले. आये त्यांच्या माणसांवांगडा गेली होती वळख पटवूक. परत इली आणि म्हणाली, वासू त्यांच्यात नाय. तिच्या तोंडार काय होता तेव्हा, तुमी बघूक व्हया होता. अशा बाईक मी काय सांगू? तुझो झिल मेलो म्हण, माका जावचा आसा?"

"जायचं आहे?"

तिने मागे वळून फॅक्टरीच्या फाटकाकडे पाहिलं.

"फॅक्टरीचो कॉम्प्रेसर बिघाडलो की एक मेकॅनिक येता. अनंत. तेची बायको बाळंतपणात गेली. तेणां माझ्या भावाक इचारल्यान. भाऊस म्हणालो, आधी नाव थांबांदे." तिने स्वेटरची बाही ओढली. "तो म्हणता, मी थांबतंय. पण माणूस किती थांबतलो? मी एकतीस वर्षांची आसंय, ताई. लग्नाक आठ महिने झाले होते तेव्हा."

"मी काकींशी बोलून बघू?"

"तुमी परक्या. तुमका ती ओरडायची नाय."

काकी मला ओरडल्या नाहीत. मी विषय काढला की त्या जेवायला वाढत. एकदा मी सरळच म्हटलं, "काकी, शेवटच्या दिवसानंतर नाव थांबवायला जागा उरणार नाही." त्या म्हणाल्या, "सोलकडी घी. आज बरी झाली हा." मी सोलकडी घेतली.

शेवटच्या दिवशी दुपारपासूनच केंद्रावर माणसं येत होती. आंबेरकरांचं भजनी मंडळ आलं. आमच्या स्टुडिओत गाऊन त्यांच्या तीन पिढ्या झाल्या होत्या. कुणी तरी अबोलीचे वळेसर, लांब गजरे, आणून दाराला बांधले. धक्क्यावरच्या लोकांनी एवढी मोठी सुरमई आणली, की ती ठेवायला कुडतरकरांनी टेंब्यांचं टेबल रिकामं केलं.

"साहेब, ही फाइल तातडीची आहे," ते म्हणाले. "आजच निकालात काढावी लागेल."

टेंबेसुद्धा हसले. मी हॉलमध्ये माझ्या मदतनिसाला सगळी क्रिया पुन्हा समजावून दिली. आधी कोणता भाग बंद करायचा, किती वेळ थांबायचं. चालू करायचं जसं शास्त्र असतं, तसं बंद करायचंही असतं.

ऊन उतरल्यावर काकी आल्या, सोबत सुवर्णा. काकींनी जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं.

"बाय, तुजा ता यंत्र दाखव माका. इतकी वर्षां ऐकलंय, बघूक नाय."

मी त्यांना हॉलमध्ये नेलं. त्यांनी राखाडी कपाटं खालपासून वरपर्यंत पाहिली.

"ह्या? माका वाटला, काय तरी देवळासारख्या असतला. ह्या तर रेशनच्या दुकानातली कपाटां."

मी काचेतून त्यांना व्हॉल्व्हची लालसर धग दाखवली. त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"हेच्यातना त्याचा नाव जाता?"

"हो."

"गरम आसता काय?"

"खूप. हात भाजेल."

"आसांदे," त्या म्हणाल्या. हे कशाबद्दल म्हणाल्या ते मला कळलं नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि आम्ही पुढच्या ड्यूटी रूममध्ये आलो. ते मनगट त्यांनी नंतर बराच वेळ सोडलं नाही, म्हणून मी तिथे होते. नाही तर माझी जागा मागे होती.

कुडतरकर वार्तापत्राचा कागद वाचून बघत होते. काकींना पाहताच ते उठले, कोपऱ्यातल्या शेगडीवरून किटली उचलली आणि स्वतः कपात चहा ओतला. काकींनी कपाकडे पाहिलं.

"चाय कित्याक? मी काय सांगूक येवक नाय हां, बाबल्या."

"उन्हातून आलंस म्हणान दिलंय."

"ऊन खंय आसा? सांज झाली. इतकी वर्षां रेडियोर वेळ सांगतंस आणि तुका सांज कळणा नाय?"

"बरा, मगे सांजेची घी."

त्या खुर्चीत बसल्या. सुवर्णा दाराजवळ उभी राहिली. भजनी मंडळाची शेवटची गवळण स्टुडिओत चालू होती आणि भिंतीवरच्या लाउडस्पीकरमधून हळू आवाजात ऐकू येत होती. ती संपली की हवामान.

"आज शेवटचा," काकी म्हणाल्या. "बरा वाच हां. घाई करू नको."

"नाय करणंय."

"आये," सुवर्णा म्हणाली. "उद्या?"

"उद्या काय?"

"उद्या कोणाक सांगूचा?"

काकी कपाच्या कानाशी चाळा करत राहिल्या. सुवर्णा दोन पावलं आत आली. तिचा आवाज चढला नव्हता. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, तिच्या सासूनेही नसावं.

"माका काय व्हया ता मी कधी मागूक नाय. आजय मागणंय नाय. तुका वाटता ना तो येतलो? मगे तसा सांग. ह्यांच्यासमोर सांग, वासू येतलो, माझी सून घरात रवतली. मी रवतंय. अनंताक नाय म्हणान कळवतंय. पण काय तरी एक सांग, आये. रेडियो बंद पडतलो आणि मी मधीच लटकत रवतलंय, असा नको करू."

"माका वाटणा नाय," काकी म्हणाल्या.

"काय वाटणा नाय?"

"तो येतलो असा. तो येवचो नाय ता माका ठाऊक आसा."

"ता सगळ्यांकच ठाऊक आसा."

"सगळ्यांक वाटता. माका ठाऊक आसा." त्यांनी कप टेबलावर ठेवला. "मी बघितलंय तेका."

कुडतरकरांनी हातातला कागद खाली केला.

"दोघे न्हय, तिघे होते थंय," काकी म्हणाल्या. त्या सुवर्णाकडे बघत नव्हत्या, लाउडस्पीकरच्या जाळीकडे बघत बोलत होत्या. "दवाखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती. दोघांक त्यांच्या माणसांनी वळखल्यानी. तिसऱ्याच्या तोंडाचा काय उरला नव्हता. तो डागतर चादर काढूक लागलो, मी म्हटलंय, तोंड नको, पाय दाखव. वासूच्या डाव्या पायाची दोन बोटां जुळलेली. माझ्यासारखी. तू हसायचंस, आयेन सही केल्यान म्हणान. ती बोटां मी बघितलंय. डागतर म्हणालो, वळखतंस? मी म्हटलंय, न्हय. ह्यो माझो न्हय."

गवळण चालूच होती. टाळ जरा पुढे पळत होते.

"कित्याक?" सुवर्णा म्हणाली.

"तेका बघितलंय आणि माका तूच दिसलंस. न्हाणीच्या दाराक केस सुकवीत उभी. आठ महिन्यांची नवरी. मी होय म्हटलंय असतंय, तर तेराव्या दिसाक तुझो भाऊस तुका घेवन गेलो असतो. मगे त्या घरात मी आणि कोण? मांजर?"

"तुका वाटला नाय, माका सांगूक व्हया?"

"रोज वाटला. रोज बाबल्या नाव वाची आणि मी तुझ्याकडे बघी. आज हिका कळला काय, आज ही उठान गेली काय."

मला तेव्हा त्या उंबऱ्यातल्या सगळ्या संध्याकाळी एकदम कळल्या, आणि कळून काही उपयोग नव्हता.

सुवर्णाचा चेहरा हलला नाही.

"तेका अग्नी कोणी दिल्यान?"

"सरकारान. बेवारशी म्हणान."

"आणि मी दर नारळी पुनवेक धक्क्यार जावन दर्याक नारळ दिलंय. तेका परत धाड म्हणान. मोठ्यान म्हटलंय, सगळ्या बायांसमोर. तू बाजूक होतंस."

"होतंय."

"माझ्या डोक्यार हात ठेवन होतंस."

"होय."

सुवर्णा भिंतीकडे वळली. तिथे केंद्राच्या उद्घाटनाचा फोटो होता, फेटे आणि सुटाबुटातली माणसं, मागे नवा टॉवर. ती तो फोटो बघत असल्यासारखी उभी राहिली. तिच्या पाठीवरून मला काहीच वाचता आलं नाही. मला वाटलं ती निघून जाईल. दार उघडंच होतं. ती गेली नाही.

काकींनी माझं मनगट सोडलं. त्यांच्या बोटांचे वळ माझ्या हातावर उमटले होते.

लाउडस्पीकरमधली गवळण संपली. टेंबे दारात आले. आत काहीतरी वेगळं चाललंय हे त्यांना दिसलं, पण घड्याळही दिसत होतं.

"कुडतरकर, वेळ झाली. हवामान."

"धून लावा, साहेब. ती संपेपर्यंत आलोच."

टेंबे गेले. बासरीची एक जुनी धून सुरू झाली, मध्ये रिकामी जागा पडली की आम्ही ती लावत असू. कुडतरकर कागद घेऊन उठले. स्टुडिओच्या जाड दाराला हात लावला आणि तिथेच थांबले. वार्तापत्राखाली ती ओळ नेहमीप्रमाणे लिहिलेली होती. ते नेहमी ती स्वतःच्या अक्षरात लिहीत.

"काकी," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. या माणसाला आता चार मिनिटं न अडखळता वाचायचं होतं. "तू सांगलंस ता सगळा माझ्या कानार पडला. पण ता तू सुवर्णाक सांगलंस. माका नाय सांगलंस. मी असाच आत गेलंय, तर नाव वाचतलंय. तुका रीत म्हायत आसा."

"म्हायत आसा."

"मी काय इचारूचा नाय."

"नको इचारू."

धून वाजत होती. काकी तशाच बसून राहिल्या. त्यांच्या ओठांची हालचाल व्हायची आणि थांबायची. सहा वर्षं जे गिळून ठेवलं ते सुनेपुढे बाहेर आलं होतं, पण हे वेगळं होतं. हे बोलल्यावर ते खाजणातून निघून खाऱ्या पाण्यावरून सगळीकडे जाणार होतं, न बोललेल्या नावाच्या रूपाने. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात लोक ती ओळ ऐकायला थांबले असते आणि ती आली नसती.

"आये," सुवर्णा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "सांग तेका."

काकींनी टेबलाला धरलं आणि त्या उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. कुडतरकर दाराशी ताठ उभे होते.

"माझो वासू मेलो, बाबल्या," त्या म्हणाल्या. "सातेरी प्रसादचा नाव आजपासना वाचू नको."